गिरणीची विटांची भिंत: मोजता येतील असे फोटो कसे काढावेत?

अर्धीवीट | शनिवार, सकाळी ९:१२

गिरणगावातल्या एका बंद गिरणीची रस्त्याकडची भिंत नोंदवायची आहे. लांबी १२ मीटर, उंची साधारण ९ मीटर, तोंड पूर्वेला. समोर पदपथ धरून जेमतेम ५ मीटर जागा, त्यापुढे उभ्या टॅक्स्यांची रांग. खिडक्यांवर विटांच्या कमानी आहेत. तीन ठिकाणी चौकोनी खांब भिंतीतून १५ सेंटीमीटर पुढे आलेत. मधल्या एका भागात पिंपळ उगवलाय.

कॅमेरा फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल. लेन्स ३५ आणि ५० मिमी. तिपाई आहे, ड्रोन नाही. फोटो देखणे नसले तरी चालतील, पण त्यांवरून १:२० चं रेखाटन करता आलं पाहिजे आणि वीट न् वीट मोजता आली पाहिजे. कुठून सुरुवात करावी? २४ मिमीची शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता चित्र वर सरकवणारी) भाड्याने घ्यावी का? आणि कृपया "मोबाईलवर काढ, मस्त येतात" असं सांगू नका :-)

ओळंबा | शनिवार, सकाळी १०:०५

आधी हिशेब, मग कॅमेरा.

तुमच्या सेन्सरवर ३६ मिमीत ६००० पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल ०.००६ मिमीचा. त्याला भिंतीपासूनच्या अंतराने गुणा आणि फोकल लांबीने भागा. ५ मीटरवरून ३५ मिमीने: ०.००६ × ५००० ÷ ३५ = सुमारे ०.८६ मिमी. म्हणजे भिंतीवरचा ०.८६ मिमीचा ठिपका एका पिक्सेलमध्ये. १० मिमीचा सांधा ११-१२ पिक्सेल रुंद दिसेल. १:२० च्या कागदावरची ०.२ मिमीची रेघ भिंतीवर ४ मिमी होते. रेखाटनाला हे भरपूर झालं.

भेगांना मात्र हे पुरणार नाही. केसाएवढ्या भेगेसाठी ५० मिमीने २ मीटरवर या, तिथे पिक्सेल ०.२४ मिमीचा होतो. तो संच वेगळा ठेवा, मुख्य संचात मिसळू नका.

शिफ्ट लेन्स: २४ मिमी उभी धरून १२ मिमी वर सरकवली, कॅमेरा १.६ मीटर उंचीवर, तर वरची कड ७.८५ मीटरला येते. भिंत ९ मीटरची. भाडं देऊन वरचे १.१५ मीटर हुकणार! ते पैसे कॅमेरा उंच करायच्या साडेचार मीटरच्या दांडीवर खर्च करा.

कॅमेरा उभा धरा. ३५ मिमीने ५ मीटरवरून एका चौकटीत ३.४३ मीटर रुंदी येते. शेजारच्या दोन फोटोंत ६० टक्के भाग सामाईक हवा, म्हणजे दर १.३७ मीटरला एक जागा. १२ मीटरला १० जागा. प्रत्येक जागेवरून चार फोटो: जमिनीवरून सरळ, जमिनीवरून वर कललेला, दांडीवरून सरळ, दांडीवरून २० अंश वर कललेला. शेवटचा पावणेदहा मीटरच्या पुढे पोचतो. एकूण ४०. दोन्ही टोकांना तिरके चार-चार जास्त घ्या, नाहीतर कडा वाकतात.

टॅक्स्यांमुळे मागे सरकता येत नाही म्हणून कुठे ५ तर कुठे ४ मीटरवरून काढले तरी फोटो जोडून भिंतीची प्रतिकृती करणारं सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. मधेच लेन्स बदललेली मात्र चालत नाही.

सुरखी | शनिवार, दुपारी १२:३१

ओळंबादादांचं गणित बरोबर. पण त्याआधी एक प्रश्न: ती वीटच आहे ना? मुंबईत गिलाव्यावर लाल रंग मारून वर पांढऱ्या रेघा ओढलेल्या भिंती कितीतरी आहेत. खऱ्या विटकामात शेजारच्या दोन विटांचा रंग कधीच एक नसतो. एक जास्त भाजलेली, जांभळट, एक फिकट नारिंगी. सगळ्या विटा एकसारख्या लाल आणि रेघा पट्टीने मारल्यासारख्या असतील तर जिथे पोपडा निघालाय तिथे बघा.

खरी वीट असेल तर टेप घेऊन आधी दहा थर मोजा. दहा विटा आणि दहा सांधे, एका सांध्याच्या खालच्या कडेपासून अकराव्याच्या खालच्या कडेपर्यंत. जुनी ९ × ४½ × ३ इंची वीट आणि पाऊण इंचाच्या निम्मा सांधा धरला तर दहा थर साधारण ८५-८६ सेंटीमीटर भरतात. मेट्रिक मॉड्युलर वीट १९ × ९ × ९ सेंटीमीटरची, तिचे दहा थर बरोब्बर एक मीटर. एकाच भिंतीत एका जागी ८६ आणि दुसरीकडे १०० आले तर तिथे नंतरची दुरुस्ती आहे हे डोळे मिटून सांगता येतं. किमान पाच ठिकाणी मोजा, जमिनीलगत एक आणि खिडकीच्या वर एक धरून. विटेची लांबी-रुंदी दहा विटांची घ्या आणि सरासरीबरोबर सगळ्यात लहान-मोठीही लिहा. हातथापीच्या विटेत चार-पाच मिमीचा फरक सहज असतो.

मग बांधणी. भार घेणाऱ्या जाड भिंतीत बहुधा इंग्लिश बॉण्ड मिळेल: एक थर लांब बाजूंचा, एक थर तोंडांचा. कोपऱ्यात, तोंडाच्या विटेला लागून लांबीत चिरलेली अर्धी वीट दिसते का बघा. तिला क्वीन क्लोजर म्हणतात, तिच्याशिवाय उभे सांधे एकाखाली एक येतात. कोपऱ्याचा जवळून एक फोटो घ्याच, सबंध भिंतीची बांधणी तिथून उलगडते.

कच्चालिंबू | शनिवार, दुपारी १:१०

सांध्यात चुना आहे की सिमेंट हे ओळखायला व्हिनेगर टाकून बघायचं. फेस आला की चुना. सोपं आहे.

सुरखी | शनिवार, दुपारी १:४४

@कच्चालिंबू, नको हो! जुन्या सिमेंटच्या पृष्ठभागावरही हवेमुळे कार्बोनेट तयार झालेलं असतं, त्यालाही फेस येतो. मसाल्यात शिंपल्याची वाळू असेल तरी येतो. शिवाय जुन्या भिंतीवर आम्ल शिंपडायचं कारणच काय?

डोळ्याने बघा. सुरखी (विटांची भुकटी) घातलेला चुन्याचा मसाला गुलाबीसर दिसतो, त्यात न विरघळलेल्या चुन्याचे पांढरे मणी असतात, खाली पडलेला तुकडा नखाने खरवडला तर भुगा होतो. सिमेंटचं पॉइंटिंग (सांध्यांत बाहेरून भरलेला मसाला) करडं, गुळगुळीत, नखाला दाद न देणारं. नमुना लागला तर पडलेलाच उचला, भिंत कोरू नका.

हा फरक नोंदवणं का महत्त्वाचं ते सांगते. चुन्याच्या सांध्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंट लिंपलं की ती वाट बंद होते आणि ओल विटेतून निघते. बाहेर येताना क्षार विटेच्या तोंडाशी स्फटिक होतात, आपण म्हणतो लोणा लागला. स्फटिक फुगतात, विटेचा पापुद्रा सुटतो. काही पावसाळ्यांनंतर भिंत बघा: विटा बोटभर आत गेलेल्या, लाल भुकटी पदपथावर सांडलेली आणि सिमेंटचं जाळं मात्र ताठ पुढे, रिकाम्या पोळ्यासारखं. दिसायला सांधे भक्कम, मेलीये ती वीट. समोरून पडलेल्या उजेडात काढलेल्या फोटोत हे अजिबात दिसत नाही, भिंत ठणठणीत वाटते.

तिरपंऊन | शनिवार, दुपारी ३:२०

शेवटच्या वाक्यासाठीच थांबलो होतो.

दोन प्रकारचा उजेड लागतो आणि दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. मोजमापाच्या ४० फोटोंना सपाट, सावली न पाडणारा. झीज, पापुद्रे, पोटफुगी यांना भिंतीला घासून जाणारा तिरपा.

पूर्वेच्या भिंतीला तिरपं ऊन मध्यान्हाच्या आधी मिळतं. पण मुंबईत मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. आपली वेळ ८२.५ रेखांशाची आणि मुंबई ७३ च्या किंचित अलीकडे, त्यामुळे सूर्य सुमारे ३९ मिनिटं उशिरा माथ्याशी येतो. वर्षभरात ही वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत १२:५३ अशी सरकते. मध्यान्हाच्या तासभर आधी ऊन भिंतीशी साधारण १५ अंशांवर असतं, वीस मिनिटं आधी ५ अंशांवर. डिसेंबरच्या मध्यात मध्यान्ह १२:३४ च्या आसपास, म्हणजे ११:३५ ते १२:१५ हा तुमचा वेळ. चाळीसच मिनिटं आहेत. तपशिलाच्या जागा आदल्या दिवशी खडूने पदपथावर (भिंतीवर नव्हे!) खुणा करून ठेवा.

मध्यान्ह उलटलं की सगळी भिंत सावलीत जाते. दीड वाजल्यापासून मुख्य संच काढा, चारपर्यंत उजेड सारखा राहतो. सावलीतला उजेड निळसर असतो, म्हणून करड्या कार्डाचा एक फोटो सुरुवातीला, एक मधे, एक शेवटी. २४ चौकोनांचं रंगकार्ड असेल तर उत्तम. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर त्याच विटा एका फोटोत गेरूसारख्या आणि दुसऱ्यात विटकरी दिसतील.

दक्षिणेला शेजारी टॉवर असेल तर डिसेंबरातलं मध्यान्हीचं ऊन तो अडवेल, तेव्हा ते ४८ अंशांपेक्षा जरा खालीच असतं. भिंत नेमकी पूर्वेला नसेल तर वेळही सरकेल. आधी एकदा जाऊन सावली बघून या.

ओळंबा | शनिवार, दुपारी ४:०२

तिरपंऊन, +१. यात कॅमेऱ्याची बाजू जोडतो.

रॉ फाइल. आयएसओ १०० किंवा २००. छिद्र एफ ८, फार तर ११. त्यापुढे विवर्तनाने सांध्यांच्या कडा मऊ होतात. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर कुलूपबंद. तिपाईवर स्थिरीकरण बंद, नाहीतर तेच भिंग हलवतं आणि सॉफ्टवेअरचा लेन्सचा हिशेब बिघडतो. दांडीवर शटर १/२५० किंवा त्याहून जलद, लागलं तर आयएसओ ४०० करा. दांडी पूर्ण उंच केल्यावर डोलते, तेव्हा तीन-चार सेकंद थांबून मगच वायफायवरून बटण दाबा, आणि खाली एक माणूस दांडी धरायला हवाच. रेल्वेलाइनच्या कुंपणालगतच्या भिंतीवर दांडी उभारू नका. ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात, धातूची दांडी नुसती जवळ गेली तरी पुरे.

आता मोजमाप. फोटोंतून तयार होणाऱ्या प्रतिकृतीला स्वतःचं माप नसतं, ते तुम्ही द्यायचं. भिंतीच्या चारही कोपऱ्यांकडे ओळखू येतील असे बिंदू धरा, विटेचा तुटका कोपरा किंवा लोखंडी खुंटी. त्यांच्यातली अंतरं लेसर मीटरने किंवा स्टीलच्या टेपने घ्या, तिरकी धरून. किमान सहा. त्यातली चार सॉफ्टवेअरला द्या आणि दोन लपवून ठेवा. शेवटी ती दोन पडद्यावर मोजायची. ४ मिमीच्या आत जुळली तर १:२० काढा, १० पर्यंत असेल तर १:५० वर समाधान माना.

खुणेचे कागद चिकटपट्टीने लावू नका. लोणा लागलेल्या विटेचं तोंड पट्टीबरोबर निघून येतं.

कच्चालिंबू | शनिवार, संध्या. ५:१५

एवढे ४० फोटो कशाला? एकच समोरून काढून चार कोपरे ताणून सरळ केला तर? फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं ते.

ओळंबा | शनिवार, संध्या. ५:५०

सपाट भिंतीला होतं. हिच्यात खांब १५ सेंटीमीटर पुढे आहेत. कॅमेऱ्यासमोरून २ मीटर बाजूला असलेल्या खांबाचं पुढचं तोंड ताणलेल्या फोटोत ०.१५ × २ ÷ ४.८५, म्हणजे ६ सेंटीमीटर बाहेर सरकलेलं दिसेल. विटेच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त! खिडकीच्या आतल्या बाजूचं उलट, ती आत सरकते. कमानीचा पडदा, छज्जा, सगळ्यांचं हेच. दोन खांबांमधला एकेक सपाट पट्टा वेगळा सरळ केलात तर चालेल.

४० फोटो जोडायला मेटाशेप विकत मिळतं. वेबओडीएम आणि मेशरूम फुकट आहेत, संगणक तेवढा दमदार हवा.

गिरणीचाभोंगा | शनिवार, रात्री ९:०८

वाचतोय. चांगला धागा. यात चिमणीचं कुणी सांगेल का? पहिली गिरणी ताडदेवला १८५४ मध्ये स्थापन झाली, पुढे शे-सव्वाशे वर्षं चिमण्यांवरून गिरणगाव ओळखलं गेलं. आता मोजक्या उरल्यात. लोअर परळला फिनिक्सच्या मॉलमध्ये एक राखलीये. गोल विटकामाचे फोटो कसे जोडायचे?

सुरखी | रविवार, सकाळी ८:२५

गोलाला कड नसते, म्हणून फोटो दाट हवेत. दर १५ ते २० अंशांना एक जागा, म्हणजे भोवती १८ ते २४. प्रत्येक जागेवरून दोन-तीन फोटो, खालून वर. गिरणगावात पूर्ण प्रदक्षिणा क्वचितच घालता येते, एखादी बाजू शेजारच्या गच्चीवरून घ्यावी लागते. वरचं तोंड, कंगोरे आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारी सळई तर गच्चीवरूनच.

दोन गोष्टी मुद्दाम नोंदवा. एक, लोखंडी पट्टे. ते गंजले की फुगतात आणि पट्ट्यालगतचा थर उभा फुटतो. दुसरी, कल. धुरातल्या गंधकामुळे ओल्या सांध्यांत सल्फेट तयार होतं, मसाला फुगतो. पावसाचा मारा ज्या बाजूला, आपल्याकडे नैऋत्य-पश्चिम, तिथले सांधे जास्त फुगतात आणि चिमणी कोरड्या बाजूकडे झुकू शकते. पण कॅमेरा वर कलवून काढलेल्या फोटोवरून कल ठरवू नका, त्यात सरळ चिमणीही मागे पडल्यासारखी दिसते. कॅमेरा पाणसळीत ठेवून, लांबून, काटकोनातल्या दोन दिशांनी.

गिरणीच्या आतल्या जॅक आर्चलाही हेच लागू. लोखंडी तुळ्यांमधल्या विटांच्या उथळ कमानी असतात ना, त्यात तुळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. मग बाहेरच्या भिंतीवर तुळयांच्या पातळीत आडवी भेग येते. जिन्यासारखी, सांध्यांमधून पायऱ्या उतरत जाणारी भेग दिसली तर पाया खचल्याचा संशय घ्या. भेगेचा फोटो काढताना शेजारी भेगेची रुंदी मोजायचं कार्ड धरा आणि तारीख लिहा. त्याशिवाय पुढच्या वर्षी ती वाढली की नाही ते कळणार कसं?

अर्धीवीट | रविवार, सकाळी १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरखीताई, दहा थरांची युक्ती लिहून ठेवली. तीन शंका. पिंपळ आधी काढून घ्यावा का? टॅक्स्या आणि केबलच्या तारा नंतर एआयने पुसल्या तर? आणि परवानगी?

सुरखी | रविवार, सकाळी ११:१५

पिंपळ असतानाच काढा. मूळ कुठल्या सांध्यात घुसलंय, भिंत किती फुगलीये, हे झाड तोडल्यावर कळत नाही. आणि नुसता बुंधा छाटला तर मूळ भिंतीतून पुन्हा फुटतं, म्हणून उपटण्याआधी कुठून कुठे गेलंय याची नोंद लागतेच. झाड काढल्यावर तीच चौकट पुन्हा.

संच दोन करा असंही सुचवते. मे महिन्यात एक, पावसाळा संपून भिंत सुकल्यावर दुसरा. अधेमधे एखाद्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारा. चुन्याचे सांधे लवकर सुकून फिके होतात, सिमेंटच्या डागडुजीखालची वीट काळपट राहते. त्या दिवशी भिंत स्वतःच दाखवते कुठे कुणी काय लिंपलंय.

ओळंबा | रविवार, सकाळी ११:४८

एआयने पुसणं: अजिबात नाही. टॅक्सी पुसली की तिच्या जागी संगणक विटा रचतो. दिसायला झकास, बांधणीही बहुधा बरोबर, आणि एकही वीट खरी नाही. कुणी त्यावरून रेखाटन केलं तर खोटी भिंत कागदावर कायमची. शार्प करणारे, पिक्सेल वाढवणारे फिल्टरही तसेच. मोबाईलला माझा विरोध याच कारणाने आहे, तो न विचारता हे सगळं करतो. टॅक्सीमागची भिंत तिरक्या दोन फोटोंतून मिळते. जिथे खरंच दिसत नाही तिथे रेखाटनात रिकामी जागा सोडा.

आणि कॅडमध्ये (संगणकावर रेखाटन करताना) विटांचा तयार हॅच, म्हणजे ठरलेला नमुना, मारू नका, हात जोडून विनंती. भिंतीत एक वीट तिरकी असेल तर कागदावरही तिरकी हवी.

तिरपंऊन | रविवार, दुपारी १२:२०

परवानगीचं थोडक्यात. रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला कॉपीराइट आड येत नाही, कायद्यातच तशी सूट आहे. आवारात शिरायचं तर मालकाचं पत्र लागेल, बऱ्याच गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आहेत. वॉचमनशी वाद घालण्यात अर्थ नाही, पत्राची प्रत खिशात ठेवा. महापालिकेच्या वारसा यादीत इमारत आहे का आणि श्रेणी कुठली, १, २अ, २ब की ३, ते बघून नोंदीत लिहा. १९९५ च्या वारसा नियमावलीपासून ही श्रेणी चालत आलीये.

ड्रोन नाही ते बरंच. २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनलाही सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशातले लाल-पिवळे टापू लागू असतात, वर पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघतात ते वेगळेच.

एक राहिलं. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर मुंबईच्या दमटपणाने क्षणात वाफ धरते. बॅग न उघडता अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा. अकरा पस्तीसला सुरुवात करायची तर अकराच्या आत पोचा.

ओळंबा | रविवार, दुपारी १२:५५

फाइलींची नावं आत्ताच ठरवा, नंतर होत नाही. गिरणीचं लघुनाम, भिंतीची दिशा, वर्ष-महिना-दिवस, जागेचा क्रमांक, फोटोचा क्रमांक. "समोरची भिंत", "मागची" असं लिहू नका. पुढे फाटक दुसरीकडे गेलं की समोरची मागची होते, पूर्व पूर्वच राहते. बरोबर एक आराखडा: जमिनीवरून कुठे उभं राहिलो ते दहा ठिपके, बाण आणि क्रमांक. मूळ रॉ फाइलींना हात लावायचा नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी.

अर्धीवीट | रविवार, दुपारी २:३०

समजलं. डिसेंबरातला रविवार धरते, त्या दिवशी टॅक्स्या कमी असतात. पूर्व भिंत, ४० अधिक ८, आणि दोन मापं लपवलेली. दहा थरांचे आकडे आले की इथेच टाकते.

सुरखी | रविवार, दुपारी ३:०५

टाका. आणि टेप स्टीलची घ्या, कापडी टेप ताणली की १२ मीटरमागे सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सहज खाते.